पगाराची मर्यादा, महागाई आणि विश्वास

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



श्रीगजाननाला वंदन करून बोलायला सुरुवात करतो. आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारले, "अहो, उत्सवात आरती, नाटक, गाणे सोडून हा पगार-महागाईचा कोरडा विषय कशाला?" त्यांना मी एवढेच म्हटले की ज्या लोकमान्यांनी हा उत्सव चव्हाट्यावर आणला, त्यांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले होते. वर्षाला एक दिवस! गणेशोत्सवाचे व्यासपीठ आणि कामगाराचे पोट यांचे नाते जुने आहे. शिवाय आपल्या बडोद्यातली मराठी घरे पाहा. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी विमा कंपनीत, कोणी विद्यापीठात. महागाई भत्त्याचा हप्ता जाहीर झाला की चहाबरोबर त्याची चर्चा होत नाही असे घर आपल्यात विरळाच.

विषय असा आहे. महागाई फार वाढली की सरकार कामगार संघटनांना बोलावते, किंवा न बोलावताच सांगते की काही काळ पगारवाढीला मर्यादा घाला. ही मर्यादा कामगाराने का मानावी, कधी मानावी, आणि मानली तर त्याच्या बदल्यात त्याला काय मिळावे? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात निम्मेच सापडते. उरलेले निम्मे वाटाघाटीच्या टेबलावर असते.

आधी दोन्ही बाजू ऐकून घेऊ. सरकार म्हणते, भाव वाढले म्हणून तुम्ही पगार वाढवून मागता. पगार वाढला की कारखानदार तो मालाच्या किमतीत घालतो. किंमत वाढली की तुम्ही पुन्हा मागणी घेऊन येता. हे चक्र कोणीतरी थांबवले पाहिजे. कामगार म्हणतो, माझा पगार चारशे रुपये आहे आणि वर्षात भाव पंचवीस टक्के चढले. हातात चारशेच येतात, पण त्यांची किंमत तीनशे वीस उरली. म्हणजे ऐंशी रुपये माझे आधीच गेले आहेत. मी वाढ मागत नाही, गेलेले परत मागतो आहे.

मंडळी, गंमत अशी की दोघेही खरे बोलत असतात. म्हणूनच हा तंटा आकडेमोडीने मिटत नाही.

कोणी म्हणेल, मग महागाई भत्ता कशासाठी आहे? भत्ता आहे, पण तो भावाच्या मागून चालतो. तिसऱ्या वेतन आयोगाच्या पद्धतीत ग्राहक मूल्य निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी आठ अंकांनी चढली की भत्ता देय होई. आता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तो ठरतो. पण सरासरी बारा महिन्यांचीच. भाव हळूहळू चढत असतात तेव्हा हे ठीक चालते. भाव एकदम उसळले की सरासरी मागे राहते आणि वाण्याचे बिल पुढे जाते. पूर्वी तर वरच्या पगाराला महागाईची पूर्ण भरपाईही मिळत नसे.

आता १९७४ सालाकडे येऊ. त्याआधी १९७२ चा दुष्काळ झाला होता. १९७३ च्या एप्रिलमध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला आणि वर्षभरातच तो सोडून द्यावा लागला. ऑक्टोबर १९७३ नंतर अवघ्या काही महिन्यांत कच्च्या तेलाचे जागतिक भाव जवळजवळ चौपट झाले. परिणामी १९७३-७४ मध्ये घाऊक किमती सुमारे २० टक्क्यांनी आणि १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. आपल्या गुजरातेत तर याचा भडका सर्वांच्या आधी उडाला. अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांच्या खानावळीचे बिल वाढले, त्यातून नवनिर्माण आंदोलन उभे राहिले आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. सिंगतेलाच्या भावावरून सरकार जाऊ शकते हे त्या वर्षी या प्रांताने पाहिले.

त्याच महिन्यात रेल्वे कामगारांच्या संघटनांनी एकत्र येऊन संघर्षासाठी राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन केली. तिचे नेते जॉर्ज फर्नांडिस. मंगळूरचा हा माणूस मुंबईच्या कामगारांत वाढला, मराठी उत्तम बोलत असे आणि १९६७ मध्ये त्याने दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवले होते. मागण्या होत्या त्या अशा : इंजिनवरच्या कर्मचाऱ्यांना आठ तासांची पाळी, सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्यांच्या बरोबरीने पगार, एक महिन्याच्या पगाराइतका बोनस, महागाईच्या प्रमाणात भत्ता, हंगामी कामगारांना कायम करणे आणि स्वस्त धान्याची सोय. यांतल्या निम्म्या मागण्या थेट भाववाढीतून आलेल्या आहेत हे लक्षात घ्या.

एप्रिलमध्ये बोलणी सुरू झाली. सरकारच्या बाजूने रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र होते. पगाराची बरोबरी आणि बोनस या दोन गोष्टींवर गाडी अडली. सरकारचे म्हणणे असे की रेल्वेला दिले तर टपालखात्याला द्यावे लागेल, मग सगळ्यांनाच द्यावे लागेल, आणि एवढा पैसा बाजारात आला तर महागाई आणखी पेटेल. हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण बोलणी पूर्ण मोडलेली नसताना २ मे रोजी पहाटे फर्नांडिस यांना लखनौला अटक झाली. ज्याच्याशी बोलायचे त्यालाच तुरुंगात घातल्यावर बोलणार कोणाशी? ८ मे रोजी संप सुरू झाला. हजारो कामगार पकडले गेले, अनेकांना नोकरीवरून काढले, रेल्वे वसाहतींत घरे रिकामी करण्याचे आदेश निघाले. वीस दिवसांनी संप बिनशर्त मागे घ्यावा लागला.

आता पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. संप मोडल्यावर दीड महिन्याच्या आत, ६ जुलै १९७४ ला, एक वटहुकूम निघाला. आपल्यातल्या ज्येष्ठांना तो 'सक्तीची ठेव' या नावाने आठवत असेल. एक वर्ष जी काही पगारवाढ मिळेल ती सगळीच्या सगळी, आणि दोन वर्षे जो वाढीव महागाई भत्ता मिळेल त्यातला निम्मा, हातात न देता सरकारकडे ठेव म्हणून जमा करायचा. हे फक्त सरकारी नोकरांना लागू नव्हते. खाजगी कारखान्यांतल्या नोकरदारांनाही होते. त्याच वेळी कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा आली आणि वर्षाला पंधरा हजारांच्या वर उत्पन्न असलेल्या करदात्यांनाही सक्तीची ठेव लावली. म्हणजे कागदावर तरी चिमटा सगळ्यांना होता. ही ठेव पुढे व्याजासह वार्षिक हप्त्यांनी परत करायची असेही कायद्यात लिहिले होते.

उपयोग झाला का? झाला. पतपुरवठा आवळला, तस्करांवर धाडी पडल्या, १९७५ चा पाऊस चांगला झाला. या सगळ्याचा मिळून परिणाम असा की १९७५-७६ मध्ये घाऊक किमती वर्षाच्या सरासरीने किंचित खालीच आल्या. एवढी चढलेली महागाई इतक्या लवकर उतरल्याची उदाहरणे फार नाहीत. तेव्हा ठेवीची योजना फसली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पण ती कामगाराला विचारून झाली नव्हती, आणि त्याचा हिशोब नंतर आला. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागली. संप करण्याची सोय उरली नाही. भाव उतरले होते, कामगाराने सोसले होते. आता त्याच्या पदरात काही पडेल असे वाटत असताना त्याच सप्टेंबरमध्ये नव्या वटहुकमाने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. महागाई आहे म्हणून पगार अडवला होता. महागाई गेल्यावर बोनसही गेला. आवळा देऊन कोहळा काढण्याची म्हण आपल्याकडे आहे. इथे तर आवळाही मिळाला नव्हता. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. नव्या सरकारात रेल्वेमंत्री झालेले आपले मधू दंडवते यांनी १९७४ च्या संपात काढलेल्या कर्मचाऱ्यांना परत कामावर घेतले, आणि किमान बोनस पुन्हा ८.३३ टक्के झाला. ज्या रेल्वे बोनसवरून एप्रिल १९७४ ची बोलणी फिसकटली, तो उत्पादकतेशी जोडलेल्या रूपात १९७९ साली मान्य झालाच. जी गोष्ट पाच वर्षांनी द्यायचीच होती तिच्यासाठी केवढी किंमत मोजली गेली!

हे सारे आपल्याकडे चालले असताना जवळजवळ तोच प्रश्न ब्रिटनपुढेही उभा होता, आणि तिथल्या सरकारने उलट वाट धरली. वटहुकमाऐवजी बोलणी. ती कुठवर गेली आणि कुठे मोडली हे पाहण्यासारखे आहे.

१९७४ च्या फेब्रुवारीत खाण कामगारांच्या संपात हुजूर पक्षाचे सरकार गेले आणि मजूर पक्षाचे हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान झाले. ऑगस्ट १९७५ मध्ये तिथली महागाई २६.९ टक्क्यांवर पोहोचली. म्हणजे आपल्यापेक्षा कमी मुळीच नाही. तेव्हा वाहतूक कामगारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे नेते होते जॅक जोन्स. हा लिव्हरपूलचा गोदी कामगार. त्याने स्वतःच सुचवले की टक्केवारी सोडा. सगळ्यांना सारखीच वाढ द्या, आठवड्याला सहा पौंड. आणि वर्षाला साडेआठ हजार पौंडांहून जास्त कमावणाऱ्यांना काहीच नाही.

या सूचनेतली ग्यानबाची मेख पाहा. आठवड्याला तीस पौंड कमावणाऱ्या झाडूवाल्याला सहा पौंड म्हणजे वीस टक्के वाढ. एकशे वीस पौंडवाल्याला तीच वाढ पाच टक्के. टक्केवारीने वाढ दिली तर वरच्याला जास्त आणि खालच्याला कमी पडते, बटाटे मात्र दोघांना एकाच भावाने मिळतात. खालच्या कामगाराला ही मर्यादा आपली वाटली, म्हणून ती पाळली गेली. बदल्यात सरकारनेही काही दिले होते : पाव, दूध, लोणी, चहा यांवर अनुदान, घरभाडे गोठवणे, कामगारांना नको असलेला जुना कायदा रद्द करणे, नोकरीच्या संरक्षणाचा नवा कायदा करणे. याला ते 'सामाजिक करार' म्हणत. दुसऱ्या वर्षी अर्थमंत्री डेनिस हीली यांनी तर उघड सौदा केला : तुम्ही पगारवाढ पाच टक्क्यांच्या आसपास ठेवा, मी आयकरात सवलत देतो. संघटनांनी तेही मान्य केले. १९७८ पर्यंत महागाई आठ टक्क्यांच्या आसपास उतरली होती.

मग मोडले कुठे? १९७६ मध्ये सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावे लागले आणि त्याच्या अटींप्रमाणे खर्चात कपात करावी लागली. कराराच्या आपल्या बाजूतली एकेक वस्तू सरकार परत काढून घेऊ लागले. दोन वर्षे मर्यादा पाळलेल्या कामगारांचा खरा पगार मात्र घटला होता. १९७७ च्या जुलैत जॅक जोन्स यांच्याच संघटनेच्या अधिवेशनात त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी मर्यादेचा प्रस्ताव हाणून पाडला गेला. नेता टेबलावर शब्द देऊन आला तरी मागे उभा असलेला माणूस त्याच्याबरोबर नसेल, तर तो शब्द वाऱ्यावर जातो. तरी चौथ्या वर्षी, १९७८ मध्ये, पंतप्रधान कॅलहॅन यांनी मर्यादा ठरवली पाच टक्के, महागाई आठ टक्के असताना. संघटनांनी साफ नकार दिला. फोर्ड मोटारीच्या कामगारांनी संप करून सतरा टक्के मिळवले. संसदेने फोर्डला दंड करायलाही नकार दिला. मग ट्रकवाले, इस्पितळातले कामगार, कचरा उचलणारे, सगळे एकामागून एक संपावर गेले. २८ मार्च १९७९ रोजी सरकारवरचा अविश्वासाचा ठराव ३११ विरुद्ध ३१० असा एका मताने मंजूर झाला, आणि मे महिन्यात मार्गारेट थॅचर आल्या. त्यांनी संघटनांशी अशी बोलणी पुन्हा केलीच नाहीत. महागाई उतरवली ती व्याजाचे दर चढवून, आणि त्यात लाखो लोक बेकार झाले.

आता दोन्ही कथा शेजारी ठेवू. आपल्याकडे हुकूम झाला, तिकडे करार झाला. महागाई दोन्हीकडे उतरली. दोन्हीकडे शेवटी सरकारे गेली. मग करार केला काय आणि हुकूम काढला काय, फरक काय पडला? माझ्या मते फरक असा पडला की तिकडे दोन वर्षे कामगाराने स्वतःहून पोटाला चिमटा घेतला, तुरुंग न भरता. ते शक्य झाले कारण सुरुवातीला त्याला समोरच्याचे ताट दिसत होते. साहेबालाही वाढ नाही, पावाला अनुदान आहे, भाडे थांबले आहे, हे त्याला घरबसल्या तपासता येत होते. ज्या दिवशी समोरचे ताट भरलेले आणि आपलेच रिकामे दिसू लागले, त्या दिवशी करार संपला. १९७५ चा आपला बोनसचा वटहुकूम आणि १९७८ चे त्यांचे पाच टक्के, दोन्ही एकाच जातीची चूक आहे : सोसून झाल्यावर देण्याऐवजी आणखी मागणे.

हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणू नये. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या संकटात केंद्र सरकारने कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले : जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१. जुलै २०२१ पासून भत्ता १७ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर गेला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. ती रक्कम चौतीस हजार कोटींच्या वर होती. या सभागृहात बसलेल्या कित्येकांचा तिच्यात वाटा आहे. त्या वेळी लाखो मजूर पायी गावी चालले होते. ज्यांचा पगार चालू होता त्यांनी थोडे सोसायला हवे होते, हे मी मोकळेपणाने म्हणतो, आणि बहुतेकांनी ते तक्रार न करता सोसलेही. पण १९७४ ची सक्तीची ठेव निदान ठेव तरी होती; परत करण्याचे त्यात लिहून दिलेले होते. २०२० मध्ये आधी गोठवले आणि नंतर ते वितळलेच नाही. टेबलावर बोलणी झाली असती तर 'पाच वर्षांत हप्त्याने द्या' एवढे तरी कोणी म्हटले असते.

आज आपल्या देशात महागाई आवरण्याचे मुख्य काम रिझर्व्ह बँकेकडे आहे. २०१६ पासून तिला लक्ष्य दिले आहे चार टक्क्यांचे, दोन टक्के इकडे-तिकडे. ती व्याजाचा दर चढवते, आपल्या मुलांच्या घरकर्जाचा हप्ता चढतो. यात कोणाशी बोलणी नाहीत आणि संपही नाही. आपल्या बहुतेक मुलांना महागाई भत्ता नाही, संघटना नाही. वर्षाला एकदा साहेब बंद दाराआड जो आकडा सांगेल तो. कंत्राटी कामगाराला तोही नाही. म्हणजे पगाराची मर्यादा आजही आहेच, फक्त ती कोणी जाहीर करत नाही, म्हणून तिच्यावर कोणी प्रश्नही विचारत नाही.

म्हणून तरुण मंडळींना माझे सांगणे आहे. उद्या कोणी, सरकार असो की कंपनी, तुम्हाला म्हणाले की दिवस कठीण आहेत, थोडे सोसा, तर लगेच नाही म्हणू नका. खरोखर कठीण दिवस असतात आणि तेव्हा सोसण्यातच शहाणपण असते. पण तीन गोष्टी विचारा. हे सोसणे वरच्यांनाही आहे का? किती दिवस, आणि नंतर काय परत मिळणार? आणि दिलेला शब्द पाळला जातो की नाही हे आम्ही कसे तपासायचे? या तिन्हीची उत्तरे लेखी मिळत असतील तर तो करार आहे. त्याला मान द्या. मिळत नसतील तर ती नुसती कपात आहे, आणि तिला कपातच म्हणा.

आणि संघटना चालवणाऱ्यांनाही एक सांगतो. टेबलावर बसण्यापूर्वी आणि उठल्यानंतर आपल्या शेवटच्या माणसाशी बोला. जॅक जोन्सइतका लोकप्रिय नेताही ज्यांच्या जोरावर शब्द देत होता, त्यांनीच त्याला अधिवेशनात थांबवले. आपल्या मंडळातही वर्गणी वाढवायची झाली तर आपण सर्वसाधारण सभा बोलावतो, मागच्या वर्षीचा जमाखर्च वाचून दाखवतो, मग मागतो. आणि लोक आनंदाने देतात, कारण हिशोब भिंतीवर लावलेला असतो. दिल्लीच्या टेबलावर यापेक्षा फार वेगळी गोष्ट लागत नाही.

 आरतीची वेळ होत आली आहे, तेव्हा आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!